प्रकल्प नोंदी: एक सलग रन

२९ सप्टेंबर २०२४, डेन्व्हर

या हिवाळ्याचं काम ठरलं. आमच्या भागातल्या हौशी मालिकेच्या स्नोबोर्ड स्लोपस्टाईल स्पर्धांत उतरायचं आणि वरच्या गेटपासून खालच्या कुंपणापर्यंत एक रन ठरवल्याप्रमाणे, सलग, न पडता पूर्ण करायचा. पदक हे उद्दिष्ट ठेवलेलं नाही. तिशीतल्या बायकांच्या गटात स्पर्धक इतके मोजके असतात की नुसतं खाली पोचलं तरी गळ्यात काहीतरी पडू शकतं. त्यावरून आपण कुठे आहोत ते कळत नाही. रन सलग झाला की नाही, ते मात्र व्हिडिओत स्पष्ट दिसतं.

हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं. बर्फाच्या उतारावर एकामागे एक अडथळे मांडलेले असतात. साधारणपणे वरच्या भागात लोखंडी रेल आणि बॉक्स, म्हणजे वरून घसरत जायचे दांडे आणि रुंद पेट्या, खालच्या भागात बर्फाच्या बांधलेल्या उड्या. स्नोबोर्डवर एकेक जण उतरतो. कुठला अडथळा घ्यायचा आणि त्यावर काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. परीक्षक सगळ्या रनला मिळून १०० पैकी गुण देतात. आमच्याकडे दोन रन मिळतात, त्यातला चांगला धरतात. हिवाळी एक्स गेम्स १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बिग बेअरला सुरू झाले तेव्हापासून हा प्रकार त्यात आहे. ऑलिंपिकमध्ये तो २०१४ ला सोचीत आला.

अमेरिकेत हौशी स्नोबोर्डर्सच्या स्पर्धा यूएसएएसए ही संघटना १९८८ पासून भरवते. देशभर तिच्या प्रादेशिक मालिका चालतात आणि मोसमाच्या शेवटी कॉलोरॅडोतल्या कॉपर माउंटनला राष्ट्रीय स्पर्धा होते. शाळेत नुकत्याच जायला लागलेल्या पोरांपासून आजोबांपर्यंत सगळ्यांसाठी वयोगट आहेत. मला या संघटनेचं सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. उद्या कुणी ऑलिंपिकला जाईल अशी मुलगी आणि चौतीस वर्षांची मी, एकाच दिवशी त्याच बर्फावरून उतरतो.

सदस्यत्वाचे पैसे भरले.

१३ ऑक्टोबर

आज रन कागदावर मांडला.

आंतरराष्ट्रीय स्पर्धांतले परीक्षक पाच गोष्टी बघतात: काठिण्य, सफाई, वैविध्य, उंची आणि खेळाला पुढे नेणारं काही नवं. हौशी पातळीवर नवं काही मागत नाहीत, पण बाकीचं तेच. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आमच्याकडे गुण सुट्या करामतींची बेरीज नसतात, पूर्ण रनचा एकत्रित ठसा मोजतात. त्यामुळे एका उडीवर अवघड काही जमलं आणि आधीच्या रेलवरून घसरून पडलं, तर त्या रनचं काही खरं नाही.

म्हणून पक्कं केलं ते असं. पहिल्या रेलवर सरळ ५०-५०, म्हणजे बोर्ड रेलच्या दिशेतच ठेवून घसरत जायचं. पुढच्या बॉक्सवर बोर्डस्लाइड, म्हणजे बोर्ड आडवा. पहिल्या उडीवर फ्रंटसाइड १८०, हवेत अर्धं वळून उजवा पाय पुढे ठेवून उतरायचं. मी रेग्युलर आहे, एरवी माझा डावा पाय पुढे असतो. म्हणजे तिथून पुढे मी स्विच, उलट्या बाजूने चालले. तशीच दुसऱ्या उडीवर जायचं आणि कॅब १८०, म्हणजे स्विचमधून सुटून उलट दिशेने अर्धं वळण, करून पुन्हा सरळ व्हायचं. दोन्ही उड्यांवर ग्रॅब, म्हणजे हवेत बोर्ड हाताने धरायचा.

पूर्ण ३६० यादीत नाही. प्रशिक्षक म्हणाला, "तुझ्याकडे तीनशे साठ आहे ना, ती का नाही टाकत?" आहे, पण दहातली सहा वेळा आहे. ही दोन अर्धी वळणं मला झोपेतून उठवलं तरी येतील. आणि त्यांची जोडी बघायला सुंदर दिसते. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि मधलं अंतर स्विच.

२७ ऑक्टोबर, कॉपर

बर्फ अजून पुरेसा नाही, म्हणून वुडवर्डच्या बार्नमध्ये. हे बंदिस्त सरावघर आहे: ट्रॅम्पोलिन, कृत्रिम उतार आणि त्यांच्या शेवटी फोमच्या ठोकळ्यांनी भरलेले खड्डे. आजूबाजूला सगळी दहा-बारा वर्षांची पोरं.

दिवसभर फक्त दोन अर्धी वळणं केली. फ्रंटसाइडचा फायदा तिथे नीट समजून घेतला. डावा पाय पुढे असताना छाती उताराच्या उजव्या बाजूला असते. डावीकडे वळलं की छाती आधी खालच्या दिशेला येते, मग डाव्या बाजूला. म्हणजे अर्ध्या वळणात लँडिंग डोळ्यांसमोरून हलतच नाही. स्विचमधून उलट वळतानाही तसंच. बॅकसाइडला, म्हणजे दुसऱ्या दिशेने वळताना, उडी सोडतानाच पाठ खाली होते, त्या क्षणी आपण आंधळे असतो. आणि फ्रंटसाइड पूर्ण ३६० केली तर सुटताना दिसतं, पण शेवटचं अर्धं वळण छाती डोंगराकडे करून घ्यावं लागतं. माझी ३६० दहातली चार वेळा का फसते, त्याचं उत्तर या शेवटच्या अर्ध्यात आहे.

खांद्यांवर काम हवं. ओठावर, म्हणजे उडी सुटते त्या कडेवर, खांदे आधी वळतात आणि कंबर मागे राहते. दोन्ही एकत्र सुटायला हवेत.

१६ नोव्हेंबर

बर्फावर पहिला दिवस. उघडे उतार थोडे, माणसं फार. पार्कमध्ये, म्हणजे अडथळे मांडलेल्या भागात, गेलेच नाही. सकाळपासून फक्त स्विच चालवलं, सोप्या उतारावर, दोन्ही कडांवर वळणं घेत. उजव्या पायाची मांडी दुखते आहे. दुखायलाच हवी.

३० नोव्हेंबर

बोर्डचं काम. १४८ सेंटिमीटरचा ट्विन आहे, पुढून-मागून सारखा, त्यामुळे स्विचला वेगळं वाटत नाही. लोखंडी कडांना टोकांजवळ, जिथे बोर्ड बर्फाला पहिल्यांदा टेकतो तिथे, आणि दोन बाइंडिंगच्या, म्हणजे बूट अडकवायच्या पट्ट्यांच्या, मधल्या भागात फाइल फिरवून धार बोथट केली. रेलवर धारदार कडा अडकते आणि अडकली की माणूस तोंडावर. बाइंडिंगच्या खालच्या भागात मात्र धार ठेवली आहे. सकाळी पार्कचा बर्फ दगडासारखा असतो, तिथे उडीकडे जाताना कडेने पकडलं नाही तर रेषा सुटते.

तळाला थंड तापमानाचं मेण. दुकानदार अजूनही फ्लोरिन असलेल्या जुन्या मेणाची आठवण काढत होता. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३-२४ च्या मोसमापासून त्यावर बंदी घातली ते बरं झालं. ती रसायनं बर्फातून पाण्यात उतरतात आणि वर्षानुवर्षं विघटित होत नाहीत. या डोंगरांचंच पाणी आम्ही पितो.

१५ डिसेंबर

आजची नोंद मोठी, कारण प्रकल्पाचा खरा विषय आज हाताला लागला: वेग.

पार्कमधल्या मधल्या आकाराच्या उडीवर सकाळभर फक्त सरळ उड्या मारल्या. वळण नाही, ग्रॅब नाही. दर वेळी उडीच्या वर वेगळ्या ठिकाणाहून सुटायचं आणि कुठे उतरते ते बघायचं.

उडीची रचना अशी. वर धावणीचा उतार, मग वर वळणारा ओठ, त्यापुढे सपाट टेबल, टेबलाची पलीकडची कड म्हणजे नकल, आणि तिथून खाली जाणारं तिरकं लँडिंग. नकलच्या थोडं पुढे उतरलं तर बोर्ड उताराला समांतर टेकतो आणि गुडघ्यांना कळतसुद्धा नाही. अलीकडे सपाटीवर आपटलं तर सगळा धक्का गुडघे, घोटे आणि कण्यात. फार पुढे गेलं तर लँडिंग संपून पुन्हा सपाटी.

घरी येऊन हिशोब मांडला. ओठाचा कोन २० अंश, टेबल २० फूट म्हणजे सुमारे ६ मीटर, ओठ आणि नकल एकाच पातळीवर, हवेचा विरोध सोडून दिला. टेबल जेमतेम पार करायला ताशी साधारण ३५ किलोमीटर वेग लागतो. आता खरी गंमत. उडीची लांबी वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते. वेग १० टक्के कमी झाला की लांबी १९ टक्के कमी. ६ मीटरची उडी ४.९ मीटरवर येते, म्हणजे नकलच्या अलीकडे, थेट सपाटीवर. ताशी साडेतीन किलोमीटरचा फरक आहे फक्त. धावणीवर मन कचरून एकदा कड लावली, बोर्ड थोडा आडवा झाला, की तेवढा वेग सहज जातो.

आणि हवेतला वेळ? पाऊण सेकंदाच्या आसपास. वळण, ग्रॅब, उतरण्याची तयारी, सगळं त्या पाऊण सेकंदात.

यातून निघतं ते असं: स्लोपस्टाईलची मेहनत अडथळ्यांवर दिसते, पण रन घडतो दोन अडथळ्यांच्या मधल्या जागेत. बॉक्सवरून उतरल्यावर पहिल्या उडीपर्यंत मी कशी जाते, किती वेळा कड लावते, कुठून रेषा धरते, यावर पुढचं सगळं ठरून जातं. स्पर्धेत प्रत्येक अडथळ्यासाठी वेगवेगळी जागा निवडून सुटता येत नाही. वरून एकदा निघालं की आधीच्या अडथळ्याने जो वेग दिला तो घेऊनच पुढे जायचं. म्हणून एकेक करामत सुटी घोटून रन तयार होत नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि मोठ्या वयात खेळ शिकणारे आम्ही लोक नेमकं उलट करतो. दिवसभर एकाच उडीवर चढून-चढून तीच मारत बसतो.

पुढच्या सरावाची पद्धत बदलली. यापुढे प्रत्येक फेरी वरपासून खालपर्यंत. एखादा अडथळा चुकला तरी थांबायचं नाही, मिळालेल्या वेगावर पुढचा घ्यायचा, किंवा वेग पुरेसा नाही हे ओळखून बाजूने जायचं. ओळखणं हासुद्धा सराव आहे.

२८ डिसेंबर

सुट्ट्यांची गर्दी. डोंगराकडे जाणाऱ्या आय-७० महामार्गावर बोगद्याच्या अलीकडेच गाड्या थांबलेल्या. परत फिरले. घरी बॅलन्स बोर्ड आणि स्क्वॉट.

८ जानेवारी २०२५, रूबी हिल

डेन्व्हर शहरातच रूबी हिल नावाची टेकडी आहे. महापालिकेच्या बागेचा भाग. तिथे २००७ पासून हिवाळ्यात कृत्रिम बर्फ टाकून छोटा रेल पार्क करतात. पूर्ण फुकट. लिफ्ट नाही, बोर्ड काखेत मारून वर चढायचं आणि दोन-तीन रेल घेत खाली यायचं. ऑफिसातून थेट गेले, पायात बूट गाडीतच चढवले.

ज्या शहरात डोंगरावरच्या एका दिवसाच्या तिकिटात एखाद्या घराचा आठवड्याचा किराणा येतो, तिथे ही टेकडी म्हणजे या खेळाचं खरं दार आहे. आज तिथे भेटलेल्या पोरांपैकी काही जण डोंगरावर कधी गेलेलेच नाहीत, आणि रेलवर माझ्या कितीतरी पुढे आहेत. अशा जागा प्रत्येक बर्फाळ शहराने बांधायला हव्यात. त्यांच्यापैकी एकाने मला अर्धा तास शिकवलं. त्याचं म्हणणं, मी रेलकडे जाताना रेलच्या सुरुवातीकडे बघते. "शेवट बघ. नजर जिथे, खांदे तिथे." शेवटाकडे बघून घेतलं आणि ५०-५० चं डगमगणं थांबलं. बोर्ड सपाट ठेवायचा, कोणत्याही कडेवर वजन नाही, गुडघे मऊ. लोखंडावर दुरुस्ती करायला जागा नसते. जशी चढाल तशी उतराल.

बोर्डस्लाइड आता रोजच्या वापरातली झाली.

२६ जानेवारी, पहिली स्पर्धा

कडाक्याची थंडी. पहाटे अंधारात निघाले. नोंदणीच्या टेबलावर बिब, म्हणजे अंगावर घालायचा स्पर्धक क्रमांक, घेतला, हेल्मेट तपासून झालं. आधी कोर्स पाहणी, म्हणजे बोर्डवर सावकाश सरकत प्रत्येक अडथळा जवळून बघायचा. मग सराव.

कोर्स असा होता: वर दोन पर्याय, सपाट बॉक्स किंवा उतरती रेल. मग कमानीसारखा वाकलेला रेनबो बॉक्स किंवा साधी सरळ रेल. खाली दोन उड्या, प्रत्येकीच्या लहान आणि मधली अशा दोन वाटा. मी उतरती रेल, सरळ रेल आणि मधल्या उड्या निवडल्या.

गारठलेला कोरडा बर्फ वाळूसारखा घासतो, बोर्ड घसरत नाही. सरावात सगळेच अलीकडे पडत होते. वर उभ्या असलेल्या रांगेत सगळ्यांच्या तोंडी एकच विषय: कुठून सुटायचं, कुठे कड लावायची नाही. स्पर्धा आहे म्हणून कुणी कुणापासून काही लपवत नाही. दहा वर्षांची एक मुलगी, माझ्या कमरेएवढी, मागे वळून म्हणाली, "त्या दुसऱ्या झेंड्यानंतर वळू नकोस हं. सरळ जा, बसून जा." बसून म्हणजे गुडघे मोडून, अंग लहान करून. तिच्या सांगण्याने माझं काम झालं.

पहिला रन: रेल दोन्ही स्वच्छ. दुसऱ्या रेलनंतर सरळ रेषा धरली, बसले, तरी नकलवर टेकले. १८० झाली, पण स्विचमध्ये उतरताना एवढा धक्का बसला की पुढच्या उडीला वेग उरला नाही. बाजूने गेले.

दुसरा रन: सुरुवातीच्या गेटमधून बाहेर पडताना दोन उड्या मारून अंग ढकललं, पहिली रेल लवकर सोडली आणि दुसऱ्या रेलऐवजी शेजारचा रेनबो बॉक्स घेतला, कारण त्यावरून उतरताना वेग जास्त राहतो. पहिली उडी व्यवस्थित पार. १८०, ग्रॅब नाही. स्विच. दुसरी उडी पार, पण वळण न घेता स्विचमध्येच सरळ. खाली पोचले. उभी.

गुण चाळिशीत. गटात दुसरी. आमच्या गटातली पहिली आलेली बाई नर्स आहे, रात्रपाळी करून आली होती. तिचा रन बघण्यासारखा होता. उंची माझ्याएवढीच, पण दोन अडथळ्यांच्या मधे तिचं शरीर शांत, हात खाली, कुठेच घाई नाही.

२७ जानेवारी

व्हिडिओ नाशिकला बाबांना पाठवला. ते चाळीस वर्षं मल्लखांब शिकवत आले आहेत, आणि परीक्षकाच्या खुर्चीतही बसले आहेत. फोन आला तो सरळ मुद्द्यावर.

"तो पहिला दांडा छान घेतलास. मग हात का हलवत होतीस?"

"तोल सावरत होते, बाबा."

"तोल गेलेला दिसत नव्हता. हात मात्र दिसत होते. हे बघ, आमच्याकडे पोरगं दसरंग झकास मारतं, पुढची अढी झकास घेतं, पण दोन्हीच्या मधे क्षणभर लोंबकळतं. परीक्षकाला ते लोंबकळणं लक्षात राहतं. संच म्हणजे मधलं सुद्धा."

आई मागून म्हणाली, "ते राहू दे, मनगटाला पट्टे बांधलेस का गं?" बांधले होते. स्नोबोर्डवर सगळ्यात जास्त मोडतं ते मनगट, कारण पडताना माणूस हात टेकतो.

बाबांचं ऐकून व्हिडिओ पुन्हा पाहिला, या वेळी अडथळे झाकून. नुसते मधले तुकडे कापून एकामागे एक जोडले. हात, खांदे, नको तिथे लावलेली कड, सगळं उघडं पडतं. नर्सबाईंच्या रनचे मधले तुकडे शेजारी ठेवले. इतका उपयोगी व्हिडिओ मी अजून पाहिला नव्हता.

९ फेब्रुवारी

वारा. मोठ्या उड्या बंद. समोरून वारा आला की वेग जातो, पाठीमागून आला की लँडिंगच्या पलीकडे नेऊन टाकतो. २०१८ च्या प्याँगचँग ऑलिंपिकमध्ये बायकांची अंतिम फेरी अशाच वाऱ्यात झाली होती. एकामागे एक जण पडत होत्या. जेमी अँडरसनने पहिल्याच रनमध्ये वाऱ्याला झेपेल तेवढंच केलं, नीट उतरवलं, आणि ८३ गुणांवर सुवर्ण नेलं. त्या रनवर पुष्कळ टीका झाली की हा तिच्या कुवतीचा रन नव्हता. माझं मत उलट आहे. परिस्थिती ओळखून रन रचणं हीच तिची कुवत.

लहान उडीवर ग्रॅबचं काम केलं. इंडी: मागच्या हाताने दोन पायांच्या मधे, बोटांकडची कड. हात खाली नेऊन पकडायचं नाही, गुडघे वर ओढून बोर्ड हाताशी आणायचा. हात खाली नेला की छाती झुकते आणि वळण वाकडं होतं. आणि नुसतं शिवून उपयोग नाही, धरलेलं दिसलं पाहिजे.

ग्रॅबवरून एका हिवाळी ऑलिंपिकचा वाद आठवला. २०२२, बीजिंग. कॅनडाच्या मॅक्स पॅरोने ९०.९६ गुणांनी सुवर्ण जिंकलं, चीनचा सू यीमिंग ८८.७० वर दुसरा. नंतर दुसऱ्या कोनातून दिसलं की एका उडीत पॅरोच्या हातात बोर्ड नव्हता, गुडघा होता. परीक्षकांना मिळालेल्या चित्रात ते दिसलंच नव्हतं. निकाल तसाच राहिला आणि सूनेच आपल्या चाहत्यांना परीक्षकांवर तुटून पडू नका म्हणून विनवलं. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. मला त्या स्पर्धेतलं तेच सगळ्यात मोठं वाटतं.

१६ फेब्रुवारी

कॅब १८० मधून उतरताना मागची कड अडकली, डाव्या हातावर पडले. पट्ट्याने बराच मार घेतला. सूज आली म्हणून एक्स-रे काढला, हाड शाबूत. दहा दिवस रेल बंद, उड्या बंद. स्विच चालवणं चालू.

१ मार्च, दुसरी स्पर्धा

सगळं उलटं. कडक ऊन, निळं आभाळ, सकाळी काचेसारखा बर्फ. सरावात सगळे लँडिंगच्या खालपर्यंत उडत होते. पण दुपारी आमच्या गटाची पाळी येईपर्यंत तोच बर्फ ओला होऊन बोर्डाला चिकटायला लागणार हे उघड होतं. म्हणून सकाळी सराव मोजकाच केला, आणि मधल्या वेळात मेण उन्हाळी तापमानाचं लावलं. वर रांगेत उभी राहून आधीच्या गटांकडे बघत राहिले. लहान मुलांचे गट गेले, कोण किती अलीकडे टेकतं ते पाहिलं. प्रत्येक गटागणिक उड्या आखूड होत होत्या. मी सकाळी जिथे कड लावत होते तिथे दुपारी लावायची नाही, हे वरच ठरलं.

पहिला रन. रेलचा शेवट बघितला, ५०-५०. बॉक्सवर बोर्डस्लाइड, बाहेर पडताना बोर्ड पटकन सरळ, हात खाली. तिथून पहिल्या उडीपर्यंत काहीच केलं नाही. खरंच काही नाही, फक्त उभी राहिले, गुडघे मोडून, डोळे ओठावर. इतके दिवस या रिकाम्या पंचवीस-तीस मीटरसाठी राबले होते. १८०, इंडी नीट धरलेली, नकलच्या पुढे टेकले, उजवा पाय पुढे. बर्फ मऊ, बोर्ड थोडा रुतला, सावरला. स्विचमध्येच दुसरी उडी. ओठावर खांदे आणि कंबर एकत्र सुटले. कॅब. ग्रॅब अर्धवट, बोटं लागली, धरलं गेलं नाही. उतरले. सलग.

खाली नर्सबाई उभ्या होत्या. त्यांनी मला मिठीच मारली आणि म्हणाल्या, "आता दुसऱ्या रनमध्ये तीनशे साठ टाक. पहिला खात्यात जमा आहे."

टाकली. वरचं सगळं तसंच केलं, शेवटच्या उडीवर मात्र सरळ बाजूने यायचं म्हणून पहिल्या उडीवर वळण न घेता फक्त ग्रॅब. ३६० पूर्ण फिरली, शेवटच्या अर्ध्यात डोंगराकडे तोंड असताना मान खांद्यावरून लवकर फिरवली, जे बार्नपासून घोटत होते. टेकताना मागचा हात बर्फाला लागला. उभीच राहिले.

परीक्षकांनी पहिला रन वर धरला, सात गुणांनी. मला ते पटलं. दुसऱ्यात मोठी करामत होती, पण पहिल्या उडीवर वैविध्य गेलं आणि शेवटी हात टेकला. पहिला रन एकसंध होता. नर्सबाई पुन्हा पहिल्या. त्यांनी दोन्ही उड्यांवर ग्रॅब शेवटपर्यंत धरून ठेवले होते, आणि दुसऱ्या उडीवर बॅकसाइड १८०. तीच उडी, जी सोडताना काही दिसत नाही.

९ मार्च

सिल्व्हरथॉर्नवरून घरी जाताना रेड जेरार्डची आठवण येतेच. त्याच्या कुटुंबाने इथेच घरामागच्या टेकाडावर दोरीची लिफ्ट आणि रेल मांडून पोरांसाठी पार्क बांधला होता. २०१८ ला सतराव्या वर्षी त्याने ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. पहिले दोन रन पडला आणि तिसऱ्यात ८७.१६. लहान जागेत, घराजवळ, संध्याकाळी-संध्याकाळी केलेल्या फेऱ्यांचं काय होतं ते त्याच्याकडे बघून कळतं. रूबी हिलचा बर्फ वितळत आला आहे. शिल्लक आहे तोवर आठवड्यात दोनदा जायचं.

दोन्ही स्पर्धांचे मधले तुकडे पुन्हा शेजारी लावले. हात शांत झाले आहेत. पहिल्या रेलनंतर अजूनही एक कड लागते, टाचेची, अगदी छोटी. का लागते ते व्हिडिओच्या कोनातून दिसत नाही. पुढच्या वेळी कुणाला तरी मागून चित्रीकरण करायला सांगायचं.

१६ मार्च

मालिकेची क्रमवारी लागली. आमच्या गटातून राष्ट्रीय स्पर्धेसाठी नर्सबाई आणि मी, दोघीही पात्र. गटाचा आकार पाहता हे कौतुक फार मोठं नाही, पण जायचं ठरवलं आहे. देशभरातून आमच्या वयाच्या बायका येतील, आणि इतक्या जणींचे रन एकत्र पाहायला दुसरीकडे कुठे मिळणार?

राष्ट्रीय स्पर्धेसाठी रन तोच. एक बदल: दुसऱ्या उडीवर इंडी बोटांनी नाही, मुठीने. नर्सबाईंनी बॅकसाइड शिकवायचं कबूल केलं आहे, त्यांची सुट्टी गुरुवारी असते. मी ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकली. पहिल्या रेलनंतरच्या त्या टाचेच्या कडेसाठी त्या मागून चित्रीकरण करणार आहेत.